धुक्यातल्या घंटा
भोरच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी मी थोरल्या भावाला वाचून दाखवली. तिच्यातला विद्वान प्राध्यापक हळूहळू सगळं विसरत जातो. मी निवृत्त मास्तर. हल्ली जुन्या विद्यार्थ्यांची नावं आठवेनात, म्हणून त्या पुस्तकानं माझी झोपच उडवली होती.

भावाला अक्षर कधी आलं नाही. हिर्डोशीत त्याला खुळा म्हणत. मीही तसंच म्हणायचो; पण खरा गाढव मीच. गावातलं प्रत्येक जनावर तो नुसत्या गळ्यातल्या घंटेवरून ओळखतो, आणि दाट धुक्यात चुकलेलं हुडकून घरी आणतो.

कादंबरी संपली तसा तो म्हणाला, "त्या मास्तराला हुडकून घरी आनाय कुनी न्हाई व्हय?"

मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"तू भिऊ नगंस. गळ्यात एक घंटा बांध. म्या आनीन."