साहेबांनी एकदाच विचारलं

माझा धाकटा भाऊ फार मोठ्याने बोलायचा. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करणारी सगळीच माणसं तशी बोलतात. दिवसभर त्या खडखडाटात ओरडून ओरडून त्यांचा गळाच तसा होऊन जातो. तो गल्लीच्या तोंडाशी कुणाशी बोलायला लागला की मी घरात चहाचं आधण ठेवायची. "अरे, आम्ही बहिरे नाही आहोत," असं मी म्हटलं की त्याचा जबाब ठरलेला असायचा, "मंग व्हई जाशी!"

आम्ही मूळचे खानदेशातले. वडील पोटासाठी सुरतेला आले, जन्मभर लूमवर राबले आणि तिथेच खंगून गेले. मी शिकले आणि मराठी शाळेत शिक्षिका झाले. भावाचं पुस्तकाशी कधी जमलं नाही, तो कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लूम चालवायला लागला. तिशीच्या आतच त्याला डायबिटीस निघाला, तोही रोज सुई टोचून घ्यावी लागणारा. आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. आई औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पाठीशी ठेवायची आणि सकाळी त्याने सुई घेतल्याशिवाय ताट वाढायची नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. कारखान्यात पगारावरून बोलाचाली झाली, बोलाचालीची मारामारी झाली आणि कुणीतरी मुकादमाच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला. पोलीस आले तेव्हा जे जे तिथे उभे होते, त्या सगळ्यांना गाडीत घातलं. माझा भाऊ उभा होता. त्याच्या हातात काय होतं हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी जे सांगतेय त्याच्याशी त्याचा काही संबंध आहे असं मला आजही वाटत नाही. गुन्हेगाराचा झाला म्हणून पाय काही कमी दुखत नाही.

जामीन मिळेना, आणि तुरुंगात सुई मिळेना. आम्ही बाटली घेऊन गेलो तर दारावरचा शिपाई म्हणाला, बाहेरचं औषध चालत नाही. मग आतलं आहे का? तर तेही नाही. आत एक कंपाउंडर होता. ताप असो, जुलाब असोत, दाढ दुखो, तो सगळ्यांच्या हातावर एकच पांढरी गोळी ठेवायचा. शुगरलाही तीच. वर जेवणात सुरती पद्धतीची गोड डाळ. जाळीपलीकडून भाऊ हसून सांगायचा, "ताई, आठे तं दायमा बी साखर शे!" मला अजिबात हसू यायचं नाही.

पुढे त्याच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून फोड आला. तो फुटला आणि भरेचना. भेटीच्या वेळी भाऊ तो पाय दुसऱ्या पायामागे लपवून उभा राहायचा, पण वास काही लपत नाही. त्याला सिव्हिलला न्यायला हवं हे कंपाउंडरलाही कळत होतं. पण कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलिसांचा पहारा, म्हणजे जाप्ता लागतो, आणि तो कधी मोकळा नसायचा. "जापतो नथी, बेन." कधी मंत्री येणार असायचे, कधी गणपती, कधी मॅच. अख्ख्या शहराला पुरतील एवढे पोलीस होते, माझ्या भावासाठी मात्र दोन निघत नव्हते. मी वर्गात पाढे घेताना मध्येच थांबायची आणि मुलं माझ्याकडे बघत बसायची.

शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने आम्हाला वकील मिळाले. गुजराती गृहस्थ, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, माणूस कैदी झाला म्हणून त्याचा उपचाराचा हक्क जात नाही, आपण वरच्या कोर्टात दावा लावू. हक्क हा शब्द आमच्या घरात तोवर फक्त भाऊबंदांनी दाबलेल्या शेताच्या बाबतीत ऐकलेला. आईने दोनदा विचारलं, "पायना बी हक्क ऱ्हास का?" पायाचाही हक्क असतो का, म्हणून. वकील म्हणाले, असतो.

तुरुंगाने कोर्टाला लिहून दिलं की कैद्याची नीट काळजी घेतली जाते आणि औषध चालू आहे. वकिलांनी मागणी केली की मग कैद्यालाच समोर आणा, कोर्टाने स्वतः बघावं. ती मान्य झाली. आम्हाला वाटलं, जिंकलो. पाय एकदा बघितला की बोलायला उरतंय काय!

आदल्या भेटीला आईने त्याला जाळीतून बजावलं, "साहेबसंगे नीट बोलजो, भाऊ. तोंड वर करीसन बोलू नको. गुजरातीमा बोलजो." त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली.

त्या दिवशी कोर्टात त्याला आणलं तेव्हा क्षणभर मी ओळखलंच नाही. गुळगुळीत दाढी, चोपून बसवलेले केस, इस्त्रीचा सदरा. आणि पायाला कोरं करकरीत बँडेज, जे इतके दिवस मागूनही मिळालं नव्हतं. दोन्ही बाजूंना एकेक पोलीस. त्या दिवशी जाप्ता बरा सापडला! मी आणि आई मागच्या बाकावर बसलो होतो. आधी बराच वेळ इंग्रजीत बोलणं चाललं. मग न्यायाधीशांनी चष्मा काढला. वयस्क होते, चेहऱ्याने शांत. थोडे पुढे वाकले आणि घरच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "केम भाई, तबियत केवी छे?"

भावाने हात जोडले.

"सारी छे, साहेब! आपनी दया छे."

लूमवरचा आवाज तो. दारात उभ्या असलेल्या शिपायापर्यंत खणखणीत गेला. पोलिसाने दंड धरला नसता तर त्याने उलट साहेबांचीही तब्येत विचारली असती.

आमचे वकील ताडकन उठले, बँडेज सोडून पाय बघावा म्हणाले. न्यायाधीश म्हणाले, हा दवाखाना नाही, आणि कैदी स्वतःच तब्येत चांगली आहे म्हणतोय. तुरुंगाच्या डॉक्टरने लक्ष द्यावं असं सांगून त्यांनी दावा निकाली काढला. लगेच पुढच्या दाव्याचा पुकारा झाला. आई मला विचारत होती, "काय व्हयनं? काय व्हयनं?"

बाहेर वकिलांनी मला विचारलं, "बेन, एणे आवुं केम कह्युं?"

तो असं का म्हणाला, ते मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे कुणी तब्येत विचारली की आधी बरं आहे असंच म्हणतात. मग पाणी होतं, चहा होतो, इकडची तिकडची चौकशी होते, आणि तो माणूस पुन्हा विचारतो, "मग, बरं ना सगळं?" तेव्हा खरं सांगायचं. पहिल्या विचारण्यालाच रडगाणं लावणाऱ्याला आमच्यात हलका समजतात. माझे वडील शेवटच्या दुखण्यात, धाप लागलेली असताना, येणाऱ्या प्रत्येकाला बरं आहे म्हणायचे. साहेबांनी एकदाच विचारलं.

वकील ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे मी कोर्टाला कोणत्या कलमाखाली सांगू?" ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मला न्यायाधीशांचा राग आला आणि अजूनही येतो. समोर दाव्यांची चळत पडलेली असताना त्यांनी मायेने विचारलं, हे मी नाकारत नाही. पण मग एक पट्टी सोडून बघायला काय जात होतं?

दिवाळीच्या सुमाराला पाय काळा पडला. तेव्हा कुठे त्याला सिव्हिलला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, वेळेवर आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. पाय गुडघ्याच्या वर कापला. त्यानंतर जामीन मात्र लगेच मिळाला, एका पायाचा माणूस पळून जाणार कुठे! लूम चालवणारा पाळीभर बसत नाही, मागांच्या रांगांमधून सारखा फिरत असतो. म्हणजे तेही काम संपलं. तो दाराजवळच्या खाटेवर बसून राहू लागला, आणि त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेजारपाजारचे येऊन तब्येत विचारायचे. आई उठून आत जायची.

एका दुपारी मी त्याची पट्टी बदलत होते. जखम बघितली आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडातून निघालंच. "अरे, गल्ली दणाणून सोडणारा तू! पाय सडतोय, एवढं एक वाक्य तुला तिथे बोलता आलं नाही?"

आई समोर बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. आपणच त्याला नीट बोल म्हणून बजावलं होतं, हे तिच्या मनात तेव्हापासून होतं, ते मला माहीत होतं. भावाने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"नही ताई, मायना काही दोष नही," तो म्हणाला. "तुम्ले सोडीसन, मी तठे गया तवयपाईन माले कोनी इचारंच नही व्हतं, तू कसा शे म्हनीसन. साहेबनी माले भाई म्हनं. तब्येत इचारी. त्या घडीले माले खरंच बरं वाटनं, ताई."

आईने सूप खाली ठेवलं. मी पट्टीची गाठ मारायला गेले, पण ती मला नीट दिसेना.