उतार नसलेला नकाशा

आमच्या वस्तीत होऊ घातलेल्या स्केटपार्कचा नकाशा समाजमंदिरातल्या टेबलावर पसरला होता. ही चौथी सभा, आणि दर सभेत तो नकाशा थोडा आणखी सपाट होत गेला. कुणाला चालायला ट्रॅक हवा होता, कुणाला नामफलकासाठी दर्शनी जागा. चिखल नको म्हणून सगळीकडे पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. त्यांच्या फटींत चाकं अडकतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मागच्या रांगेत मांडीवर स्केटबोर्ड घेऊन बसलेली एक शाळकरी मुलगी पुढे आली. तिनं नकाशावर बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"काका, इथला उतार कुठं गेला?"

"काढला गं बाळा," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "पडाल ना तुम्ही."

"पण पडल्याशिवाय येतच नाही ते!"

सगळे कौतुकानं हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. माझं डोकंच फिरलं. मुलांसाठी म्हणून आपण काहीही बांधायला घेतो आणि त्यात आपलीच भीती, आपलेच दुखरे गुडघे आणून बसवतो! चांगलं सुनावावं म्हणून मी तावातावानं उठलो. तिचं बोट अजून तिथंच होतं. उताराच्या जागी आता चार बाकडी होती.

पहिल्या सभेत ती मीच मागितली होती.