चौकटीला टांगलेली कोरफड

भोरचं संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी माझे यजमान मुंबईला गोदीत कामाला गेले. ते निघाले त्या सकाळी सासूबाईंनी घरामागच्या परड्यातली एक कोरफड मुळासकट उपटली आणि आमच्या भाटघरच्या घराच्या चौकटीला सुतळीनं उलटी बांधली. दृष्ट लागू नये म्हणून अशी कोरफड आमच्याकडे घरोघर असते. सासूबाईंनी आमच्या कोरफडीला आणखी एक काम लावून दिलं.

"ही हिरवी हाय तवर माजा ल्योक सुखरूप," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला हसू आलं होतं. पण वर्ष सरलं, ना निरोप आला ना माणूस, तेव्हा मीही उठल्याउठल्या आधी चौकटीकडेच बघू लागले. घरात आम्ही दोघीच. जे बोलायला हवं होतं ते दोघीही टाळायचो. मग मी मनातल्या मनात कोरफडीशीच भांडायची.

चिवट जात. माती नाही, पाणी नाही, मुळं वर, तरी जगत होती. पानांतला गर ती पुरवून पुरवून वापरते आणि जाड साल त्यातलं पाणी सहसा उडू देत नाही. आधी बाहेरची पानं सुकतात, मधली तग धरून राहतात. उलटी टांगली तरी तिला वर कुठं ते बरोबर कळतं. आमच्या कोरफडीचा शेंडा हळूहळू वळून वर आला होता.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमारास तिला दांडा आला. खालच्या कळ्या आधी उमलल्या, पिवळ्या, नळीसारख्या. कळी असताना ताठ, उमललं की फूल मान खाली घालायचं. सासूबाई हरखल्या. "आता येतोय बग," म्हणत त्यांनी पुरणाची डाळ निवडून ठेवली. भोरच्या रस्त्याला एसटी थांबली की पदर सावरून त्या अंगणात उभ्या राहायच्या.

मी पानं दाबून पाहिली. नुसती सालं. होतं नव्हतं ते पाणी दांड्यानं ओढून घेतलं होतं. मातीतली कोरफड वर्षावर्षाला फुलते, टांगलेलीला फूल परवडत नाही. हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. फार एकटं वाटलं.

फुलं गळाली आणि पानं तपकिरी पडू लागली. त्यांच्या लक्षात यायच्या आत दुसरी बांधावी म्हणून मी सकाळीच खुरपं घेऊन परड्यात गेले. सासूबाई तिथं आधीच बसल्या होत्या. हातात नुकतीच उपटलेली कोरफड होती.

माझ्या हातातल्या खुरप्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ती कोरफड पुन्हा खड्ड्यात ठेवली आणि माती लोटून पायानं दाबली.

"ऱ्हाऊ दे मातीतच," त्या म्हणाल्या. "आन् तुलाबी किती दिस टांगून ठिवू? जा पोरी म्हायेरला."

माझ्या माहेरी आता कुणीच उरलं नव्हतं. ते त्या विसरल्या होत्या.

"उद्या बघू, आत्या," मी म्हटलं आणि चूल पेटवायला आत गेले.