चंदनबेनच्या गॅसवर सुरुचीचे डोहाळे

जेसल पार्कातल्या मनोरमाबाईंचा जीव दोन दिवस टांगणीला लागला होता. सून सुरुची तिसऱ्या महिन्यात, आणि पोटात पाण्याचा घोट ठरेना. डॉक्टरीणबाईंनी काल सांगूनच टाकलं, "उद्यापर्यंत काही पोटात राहिलं नाही, तर ॲडमिट करून सलाईन लावू." तेव्हापासून बाईंच्या पायाला भोवरा.

सकाळी सुरुची पडल्या पडल्या म्हणाली, "आई, मला ना, एम्पनाडा खावासा वाटतोय."

"ते काय असतं ग?"

लग्नाआधी ऑफिसच्या कामाला ती स्पेनला गेली होती, तिथं खाल्लेलं. मैद्याची पारी, आत भाजी, बाजूला गार सॅलड. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. गुणवंतराव, म्हणजे सासरे, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अरे, ही तर आपली करं..."

"शब्द काढू नका!" बाईंनी दटावलं. करंजी म्हटलं की पोरीला तूप आठवणार, आणि तूप आठवलं की झालंच. डोहाळे काही विचारून लागत नाहीत. कुणाला चिंच लागते, कुणाला भाजकी माती. हिला स्पेन.

बाईंनी मैदा भिजवला, बटाटे उकडले, तेलात कांदा टाकला. कांदा अजून गुलाबीही झाला नव्हता, तोच सुरुची तोंडाला ओढणी लावून मोरीत पळाली. गॅस बंद, खिडक्या सताड, पंखे फुल्ल. बाई कढई घेऊन घरभर फिरल्या, ठेवायची कुठे तेच सुचेना. शेवटी तशाच समोरच्या दारात गेल्या.

"चंदनबेन, आपका गॅस मिलेगा क्या जरा? बहू को वास सहन नहीं होता."

"आओ ने! गॅस किधर भागा जाता है?" मग चंदनबेनची नजर कढईत गेली. "पण कांदा-बटेटा नहीं चलेगा हां, मनोरमाबेन."

जैनाचं घर. जमिनीखालचं काही त्यांच्या स्वयंपाकघरात शिरत नाही, हे बाईंना काय ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं दाराला दार लागून राहिल्या. पण काळजीनं डोकं जाग्यावर असेल तर ना.

"तो फिर अंदर क्या भरूँ? मेरा माथा?"

"माथा रखो, काम आएगा. कच्चा केला भरो. मक्का है, पनीर है. हमारे समोसे में यही जाता है."

कांद्याची कढई गुणवंतरावांच्या पुढ्यात गेली, ते खूशच झाले. इकडे चंदनबेन पाऱ्या लाटू लागल्या, बाई मुरड घालू लागल्या. दोन मुरडी झाल्या की उठून आपल्या दाराला कान लावून यायच्या. आवाज आला तरी धसका, नाही आला तरी धसका.

"बैठो ने बेन! आप दौड़ते रहोगे तो तेल जल जाएगा."

तळलेले एम्पनाडे चाळणीवर पार निवू दिले, वास मरू दिला, मगच घरी आणले. काकडी-टोमॅटो चिरून लिंबू पिळलं, कोथिंबीर घातली. सवयीनं हात फोडणीच्या पळीकडे गेला, तो बाईंनी ओढून मागे घेतला.

सुरुचीनं आधी काकडीची फोड खाल्ली. मग एम्पनाड्याचं टोक मोडलं.

"आई, असं बघू नका हो. इंटरव्ह्यूला बसल्यासारखं वाटतं."

"मी कुठे बघतेय? मी टेबलफॅन पुसतेय." फॅन चालू होता.

"तिथल्यासारखा नाहीये हा," सुरुची म्हणाली. बाईंनी पुसायचं थांबवलं. "पण बरा लागतोय."

एक संपला. आता खरी धाकधूक. घास गिळणं सोपं, टिकणं कठीण. बाई ओट्यापासून गॅलरीपर्यंत येरझारा घालत राहिल्या.

"फरशी झिजेल, बिल्डर पैसे मागेल," गुणवंतराव पेपरामागून म्हणाले.

"तुमचं जेवण झालंय ना? मग गप्प बसा."

तेवढ्यात खुर्ची सरकली. सुरुची उठली आणि भराभरा आत निघाली. हाताला लागली ती बादली उचलून त्या मागे धावल्या. सुरुची मोरीवरून तशीच पुढे गेली, ओट्याशी थांबली आणि चाळणीवरचं झाकण काढलं.

"आई, बादली कशाला?" तोंड भरलेलं.

"काही नाही ग, कुंड्यांना पाणी घालत होते," बाई म्हणाल्या, आणि बादली हातात तशीच धरून दार उघडून ओरडल्या, "चंदनबेन! उसने दूसरा लिया!"