मोठ्यानं वाच

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला तंत्रज्ञानाच्या मॅडमनी आम्हाला सांगितलं, की इंटर्नशिपच्या शाळेत प्रत्येकीनं एखादं ऑनलाइन साधन वर्गात वापरून बघायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. बहुतेकींनी प्रश्नमंजूषा निवडली, कारण ती सोपी. मी वाचनाचं ॲप घेतलं. मूल घरी मोबाईलसमोर धडा वाचतं, ॲप ऐकतं आणि चांदण्या देतं. शिक्षिकेला आपल्या फोनवर सगळ्या वर्गाच्या चांदण्या दिसतात. पैसे काहीच नाहीत.

मी घरी हे कौतुकानं सांगितलं, तर वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलेली. बोली मात्र अजून लातूरचीच.

"फुकट कामून देऊलालेत ते? इचारलीस का कुणाला?"

"जाहिरात होते त्यांची, बाबा."

"पोरायचा आवाज घेऊन काय करणार हायेत?"

त्यांचा प्रश्न डोक्यात राहिला. तरी दुसऱ्या दिवशी मी वर्ग तयार केला. ॲपनं मायक्रोफोन मागितला, ठिकाण मागितलं, संपर्क मागितले. संपर्कांना मी नाही म्हटलं. बाकीचं देऊन टाकलं, कारण त्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं.

शाळा निघोज्याजवळची. पाचवीच्या वर्गात निम्मी मुलं चाकणच्या कंपन्यांत बाहेरून कामाला आलेल्यांची, निम्मी गावातल्या जुन्या घरांतली. प्रत्येकाला मी एक कोड दिला. आई किंवा वडील शिफ्टवरून आले, की त्यांच्या फोनवर मुलं वाचू लागली. सकाळी बसमध्ये मी चांदण्या बघायची आणि मला बरं वाटायचं.

वर्गात एक मुलगी होती, गावातल्याच एका घरातली. उभी केली की पुस्तक तोंडासमोर धरायची आणि तिसऱ्या शब्दाला थांबायची. 'नाही'च्या जागी 'न्हाई' वाचलं म्हणून मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं होतं, तेव्हापासून तर ती उभी राहायलाही वेळ लावायची. ॲपवर मात्र तिला सगळ्यात जास्त चांदण्या होत्या. एकच धडा ती चार-चार वेळा वाचत होती आणि शेवटच्या खेपेला तर एकही चूक नाही.

मी वर्गशिक्षिका बाईंना दाखवलं. त्या डबा उघडत म्हणाल्या, "आई वाचत असेल. नाहीतर आत्या. ऐकून बघ की, रेकॉर्डिंग असतं ना त्यात?"

रेकॉर्डिंग असतं हे मला माहीत होतं. ऐकायचं मात्र तोवर सुचलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये कानाला लावलं. आधी एका बाईचा आवाज आला, "मोठ्यानं वाच. बाहेर आजीला ऐकू गेलं पायजे." मला वाटलं, किती लक्ष आहे आईचं. मग मुलीनं वाचायला सुरुवात केली. आवाज तिचाच होता. अडखळत होती, पण थांबत नव्हती. मी आवाज वाढवला, की कुणी पुढचा शब्द सांगतंय का ते कळावं.

मागे खरंच कुणीतरी बोलत होतं. पण मुलीशी नाही. तीच बाई, अगदी दबक्या आवाजात, दुसऱ्या फोनवर.

"व्हय, दोघी येतो. ह्यांची फर्स्ट शिफ्ट लागली की निघते. न्हाई, ह्यांना काय बी म्हाईत न्हाई. तू बी घरात बोलू नगंस, ताई."

मुलगी खारीचा धडा वाचत होती. धडा संपला तशी आई म्हणाली, "परत वाच," आणि पुन्हा फोनवर बोलू लागली.

मी इयरफोन काढले. शेजारच्या बाईंना ऐकू गेलं असेल असं उगाच वाटून त्यांच्याकडे बघितलं. मुलगी लबाडी करत नव्हती. ती आईच्या बोलण्यावर आवाजाचं पांघरूण घालत होती, आणि तसं करता करता वाचायला शिकली होती. पण ज्या फोनवर ती वाचत होती तो वडिलांचा होता. शाळेत नोंदलेला नंबर त्यांचाच. रात्रपाळी करून ते झोपले की फोन मुलीच्या हातात यायचा, असं तिनंच मला सांगितलं होतं. पालकांच्या पानावर एक बटण होतं, 'आपल्या मुलाचं वाचन ऐका'. कौतुक म्हणून त्यांनी ते कधीही दाबलं असतं.

मी पुसायला गेले, तर माझ्याकडे ती सोयच नव्हती. ऐकता येत होतं, पुसता येत नव्हतं. पुसायचं तर पालकाच्याच फोनवरून.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आई मुलीला न्यायला आली. मी तिला पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेले. काय बोलायचं हे बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"ताई, ती ॲपवर वाचते ना, त्यात मागचं बोलणंपण येतं. सगळं राहतं त्यात."

तिला समजायला क्षणही लागला नाही. तिनं आधी गेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी ऐकलंत?"

"तिला कुणी सांगतंय का वाचताना, हे बघायला ऐकलं."

"कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही."

"त्या मोठ्या बाईंना?"

"नाही."

तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. कुठं दाबायचं, कसं पुसायचं हे मी माझ्या फोनवर दाखवलं. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. तिनं मुलीला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मॅडम काय दाखवतात ते नीट बघ." मुलीनं बघितलं आणि मान हलवली. जाताना आई म्हणाली, "आमी तर तुमच्या भरवशावर पोरीला वाचाया लावली." आवाज चढला नव्हता.

संध्याकाळपर्यंत ती रेकॉर्डिंग्ज माझ्या पानावरून गेली. खरोखर गेली, की फक्त मला दिसेनाशी झाली, हे मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी शाळेत आली नाही. दोन-तीन दिवसांनी वडील आले. कंपनीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. बाई मीटिंगला गेल्या होत्या, म्हणून वर्गाच्या दारात मलाच भेटले.

"मॅडम, पोरगी शाळंत येती का?"

"नाही. आम्हाला वाटलं आजारी असेल."

"मावशीकडं गेलीय असं वाटतं. पर तिथं फोन केला तर न्हाई म्हणत्यात." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमच्या त्या वाचायच्या ॲपमधी कळतं का वो, कुठून वाचलं ते?"

अगदी नम्रपणे विचारलं. डोळे तांबारलेले होते, ते जागरणानं की रडण्यानं की आणखी कशानं, मला सांगता येईना. त्यांच्या हातांकडे बघत मी अंदाज करत राहिले, की हा माणूस घरी कसा असेल. त्या घरातलं मी जेमतेम मिनिटभर ऐकलं होतं. तेवढ्यावर त्यांना वाईट ठरवायचं, की बापाचं काळीज म्हणून सोडून द्यायचं?

"नाही," मी म्हणाले. "तसं काही कळत नाही."

"बरं," म्हणाले, आणि तरी उभेच राहिले. मग गेले.

मला वाटलं होतं मी खरं सांगितलं. मधल्या सुट्टीत फोन उघडून बघितला. मुलीचं नवं वाचन आलेलं होतं, आदल्या दिवसाचं. कोड तिला पाठ होता, मावशीच्या फोनवर घातला असणार. चांदण्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, राजगुरुनगर. इतक्या दिवसांत ती ओळ माझ्या नजरेला पडली नव्हती, कारण सगळ्यांच्या खाली गावाचंच नाव असायचं.

वडिलांच्या फोनवर ही ओळ दिसते का? मला माहीत नव्हतं. विचारायला जाणं म्हणजे त्यांना दाखवून देणंच होतं. ते नवं वाचन मी ऐकलं नाही. 'वर्ग काढून टाका' हे बटण शोधलं. ॲपनं दोनदा विचारलं, नक्की काढायचा का, मुलांची प्रगती जाईल. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

मुलं हिरमुसली. बाई म्हणाल्या, "अगं, चांगलं चाललं होतं की." ॲप मुलांची ठिकाणं दाखवतं, एवढंच मी त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच आपल्या नातवाच्या फोनमध्ये काय काय आहे ते विचारायला घरी फोन लावला. अहवालात मी परवानग्यांविषयी तीन पानं लिहिली. कॉलेजच्या मॅडमनी वाचून म्हटलं, "साधनाचे फायदे कुठे आहेत? ही तर तक्रार झाली." मी फायद्यांचं एक पान जोडलं. तेही खोटं नव्हतं. ती मुलगी वाचायला शिकली होतीच.

माझी इंटर्नशिप संपत आली तेव्हा आई दाखला न्यायला आली. सोबत तिचा भाऊ होता. मला बघून थांबली. "तिथल्या शाळंत घातलंय तिला," एवढं बोलली आणि ऑफिसात गेली. मला पुष्कळ विचारायचं होतं. पण आधीच नको इतकं ऐकून झालं होतं.

त्यानंतर एकदा चाकणच्या चौकात, बसची वाट बघताना, मुलीचे वडील दिसले. तेच माझ्याजवळ आले.

"मॅडम, भेट झाली माझी पोरीशी. बरी हाय."

"बरं झालं," मी म्हणाले.

कुठे भेटलात, कसा पत्ता लागला, भेट तिच्या आईच्या मर्जीनं झाली का, यातलं मी काहीच विचारलं नाही. ते हसल्यासारखे दिसले. बस आली. मी खिडकीशी बसून मागे बघितलं, तर ते अजून तिथेच उभे होते आणि फोनमध्ये काहीतरी बघत होते.