अरविंदच्या नावाचा फलक
एकनाथदादा माझा सख्खा भाऊ. पण म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. ती गोष्ट आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

मंगलावहिनी त्याची बायको. माहेर नांदेडचं, शिक्षण सातवी, नामपल्लीच्या एका शाळेत आया. सिकंदराबादेतल्या रेल्वे क्वार्टरात संसार ओढला तो तिनंच. नव्वदीनंतर कॉम्प्युटरचं वारं सुटलं आणि दादाच्या डोक्यात अमेरिकेचं भूत शिरलं. मुलाला, अरविंदला, दिलसुखनगरला सकाळी एक क्लास, संध्याकाळी दुसरा. पोराला जेवायलाही उसंत नाही! एकविसाव्या वर्षी तो आजारी पडला. भिंतीतून कुणीतरी बोलतंय म्हणायचा. दादानं घराच्या खिडक्या लावून घेतल्या. वहिनी मात्र दर महिन्याला पोराचा हात धरून भरदिवसा दवाखान्यात जायची. शेजारच्या बाया टकामका बघायच्या. बघू देत, म्हणायची.

अठ्ठ्याण्णव साली तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, अशा मुलांसाठी दिवसभराचं केंद्र काढायचं. त्यासाठी मुलांच्या घरच्यांनी मिळून भोनगीरचा किल्ला चढायचा आणि ओळखीच्यांनी त्यावर देणगी द्यायची. वहिनी हरखलीच. तिचा हट्ट एकच, अरविंद चढणार. चार लोकांत, आपल्या पायांनी. दादा म्हणाला, "नक्को. गर्दीत बिथरेल तो." ऑफिसातून देणगी मात्र त्यानं भरपूर आणली. एरवी चहा पाजताना हात आखडणारी माणसं एवढी उदार कशी झाली, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

रविवारी दादा पहाटेच पुढं गेला. वहिनीनं त्याला न विचारता अरविंदला इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि आम्ही तिघं बसनं भोनगीरला पोचलो. पायथ्याशी दादा आणि त्याच्या ऑफिसातले पाच-सहा जण उभे होते. पुढं दत्तोबा, नुकतेच बदलून आलेले, आमच्याच समाजातले. त्यांनी मोठ्या मायेनं एक कापडी फलक रंगवून आणला होता. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात.

अरविंदनं फलक मोठ्यानं वाचला. "कालकथित अरविंद एकनाथराव यांच्या स्मरणार्थ." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आत्या, मी कधी मेलो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "येड्याचा बाप म्हणवून घेण्यापेक्षा मेलेल्याचा बरा, असं वाटलं होय रे तुला?" मी सगळ्यांदेखत दादावर ओरडले. ऑफिसभर सांगितलं होतं त्यानं, पोरगा गेला म्हणून! लोकांनी डोळे पुसत पैसे दिले होते. लाज कशी वाटली नाही ह्याला? बिचारे दत्तोबा घाईघाईनं फलक गुंडाळायला लागले.

"दत्तोबा," वहिनी म्हणाली. रागानं तिचा आवाज चिरकत होता. "हा अरविंद. माझा मुलगा. औषधं चालू आहेत त्याची. नीट बघून घ्या, जिवंत आहे."

दत्तोबांनी फलक काखेत मारला आणि अरविंदचा हात हातात घेतला. "जय भीम, बाळा," एवढंच बोलले.

दादा एका दगडावर बसला होता, मान खाली घालून. बाकीची कुटुंबं चढायला लागली. अरविंद त्याच्यापाशी गेला. "बाबा, चला ना."

वहिनीनं त्याला दंडाला धरून मागं घेतलं.

"राहू दे रे. त्यांचा मुलगा गेलाय. बसू दे त्यांना."