खंडेनवमीला लावलेला बायोस अपडेट

कॅबिनेटवर झेंडूचा हार होता, समोर फोडलेला नारळ होता, उदबत्ती अजून जळत होती आणि शॉपमधली सगळी माणसं खाली माना घालून उभी होती. नवख्याला वाटलं असतं, कुणीतरी गेलंय. गेला होता तो कॉम्प्युटर.

"बघा की पावणं, काय झालंय ते," आण्णा म्हणाले. "पण हत्यार लावायचं न्हाय. आज खंडेनवमी हाय."

"आण्णा, हत्यार न लावता नुसतं बघायला मी काय स्थळ बघायला आलोय?"

कुणी हसलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, प्रकरण मशीनपुरतं नाही.

माझं राजारामपुरीत छोटं दुकान आहे. लोक "फॉरमॅट मारा" म्हणत कॉम्प्युटर घेऊन येतात, मी त्यांना आधी गप्प बसवतो आणि मग मदरबोर्ड दुरुस्त करतो. या कामात माझा हात धरणारा कोल्हापुरात फारसा कुणी नाही, असं मी म्हणतो. बायको म्हणते, असं मीच म्हणतो.

आण्णांचं उचगावात पॅटर्न शॉप. फाउंड्रीत लोखंड ओतायला वाळूचा साचा करतात. तो साचा ज्या नमुन्यावरून उठवतात, तो नमुना म्हणजे पॅटर्न. आण्णांनी उभी हयात लाकूड तासून पॅटर्न केले. आता डिझाइन कॉम्प्युटरवर होतं आणि फिरत्या पात्याचं राउटर मशीन ते लाकडात कापतं. डिझाइन करते ती प्रज्ञा. डिप्लोमा झालेली, कामाला वाघीण. त्या दिवशी मात्र ती दाराशी ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"हिनं मारलं मशीन," आण्णा म्हणाले. "खंडेनवमीला कुणी यंत्राला काम लावतंय व्हय? चालू झालं तर बघू. न्हायतर उद्यापासनं यायची गरज न्हाय."

मी तिला विचारलं, "काय लावलं होतंस?"

"बायोस अपडेट, सर. मशीन सारखं हँग व्हायचं. कंपनीच्या प्रोग्रॅमनंच सांगितलं, अपडेट करा म्हणून. आण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, काम बंद असेल त्या दिवशी कर. आज पूजेला काम बंद. उद्या मी विहारात जाणार, धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. म्हणून आज लावलं."

यात चूक काढायला मला जागा दिसेना. पण मागून एक मिस्त्री पुटपुटला, "पूजेवर विश्वास न्हाय तिचा. दुसरं काय."

माझं डोकं सटकलं. "मिस्त्री, बायोसला देवधर्म कळत नाही. त्याला फक्त करंट कळतो. तेवढंच बोलू आपण."

बायोस म्हणजे काय, ते सांगतो. कॉम्प्युटर चालू केल्यावर विंडोज येण्याआधी कुणीतरी त्याला उठवावं लागतं. हा कीबोर्ड, ही मेमरी, ही डिस्क, अशी ओळख करून द्यावी लागते. ते काम करणारा छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसलेला असतो. तो बायोस. अपडेट करताना त्या चिपमधलं जुनं पुसतात आणि नवं लिहितात. थोडा वेळ जुनंही नसतं आणि नवंही पूर्ण नसतं. नेमका त्या वेळी करंट गेला की संपलं. मशीनला उठवणाराच उरत नाही.

"लाईट गेली होती का?" मी विचारलं.

"मेन मीच पाडला," आण्णा म्हणाले. "पूजेला यंत्र गार पाहिजे. पण यूपीएस हाय की त्याला! लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालतोय, म्हणून तर घेतलाय. मी कॉम्प्युटरला बोट बी लावलं न्हाय. नुसता टिळा लावला."

म्हणजे मेन पडला तरी कॉम्प्युटर चालू राहायला हवा होता. यूपीएसची बॅटरी गेलीय का, ते बघायला मी टेबलाखाली वाकलो. यूपीएस बंद होता. बॅटरी चांगली भरलेली होती. त्याच्या कपाळी कुंकवाचा गोल, नीटस टिळा होता. आणि खाली, चालू-बंद करायच्या बटणावर, दुसरा एक डाग होता. पसरट आणि फरफटलेला. टिळा लावतात तो अनामिकेनं. हा ठसा होता अंगठ्याचा.

मी उठलो आणि कुणाकडे न बघता आण्णांच्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठा लाल होता.

तिथंच बोललो असतो. जीभ शिवशिवत होती. पण मशीन मेलेलं असताना कुणाचं नाव घेतलं की भांडण पेटतं आणि काम राहतं बाजूला. शिवाय मेलेल्या मशीनसमोर मालकाला दोषी धरलं तर मालक ऐकून घेत नाही, हा माझा अनुभव. म्हणून म्हटलं, आधी याला उठवू.

"आण्णा, कॅबिनेट उघडावं लागणार."

"सांगितलं की. उद्या सोनं लुटल्याशिवाय पूजेतलं हत्यार हलवायचं न्हाय."

"पूजा चालत्या हत्याराची करतात. हे मेलंय. मेलेल्याला हार घालून ठेवला की त्याला पूजा म्हणत नाहीत."

आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की आता बाहेरची वाट दाखवतात. मग पुढे झाले, हात जोडले आणि स्वतःच्या हातानं हार काढून बाजूला ठेवला.

"घ्या. पण उठवा त्याला."

मी उघडलं. कुंकू किंवा तीर्थ आत गेलं नाही ना, ते बघितलं. आत कोरडं होतं. मेन वर करायला सांगितला आणि यूपीएसच्या बटणाला हात न लावता कॅबिनेट सरळ भिंतीच्या प्लगला लावलं. चालू केलं तर पंखा फिरला, थांबला, परत फिरला. स्क्रीन काळा. मेमरी काढून, पुसून परत लावली. तेच. बोर्डावरचा गोल सेल काढून थोडा वेळ ठेवला. तेच. सेल काढल्यानं सेटिंग पुसल्या जातात, पण अर्धवट लिहिलेला प्रोग्रॅम काही पूर्ण होत नाही. तरी करून बघायचं असतं. मग पेन ड्राइव्हवर बायोसची फाईल घेऊन लावली. काही बोर्ड अशा वेळी पेन ड्राइव्हवरून स्वतःला सावरतात. याला तेवढीही शुद्ध नव्हती.

"व्हतंय का?" आण्णा.

"होणार. पण माझं एक हत्यार लागेल. प्रोग्रॅमर म्हणतात त्याला. दुकानात आहे."

"मग आणा की."

"तेही पूजेत आहे."

आता पहिल्यांदा सगळे हसले. प्रज्ञा सोडून.

दुकानात गेलो तर बायको पूजेच्या पाटाजवळ बसली होती. पाटावर माझे स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग गन, मीटर आणि मधोमध झेंडूखाली तो प्रोग्रॅमर.

"अवो, आत्ताच हळद-कुंकू व्हायलंय त्याला. आज न्हाय हात लावायचा."

"एका पोरीची नोकरी जायला लागलीय."

"कुणाची?"

मी थोडक्यात सांगितलं. तिनं फूल उचललं, पदरानं कुंकू पुसलं आणि प्रोग्रॅमर माझ्या हातात दिला. "जावा. आणि ती पोरगी बरोबर असंल तर तसं सगळ्यांच्या पुढं सांगून या. नुसतं मशीन चालू करून यायचं न्हाय." हुकूमच होता.

प्रोग्रॅमर ही काडेपेटीएवढी वस्तू. एका बाजूनं लॅपटॉपला लागते. दुसऱ्या बाजूला वायर आणि टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी क्लिप. ती बायोसच्या चिपच्या आठ पायांवर बसवायची. मदरबोर्ड झोपलेला असतानाच त्याच्या चिपमध्ये सरळ लिहिता येतं. ऐकायला सोपं आहे. क्लिप केसभर सरकली तर कचरा लिहिला जातो.

आणि घाईत लोक इथंच माती खातात. नेटवरून फाईल घेतात आणि थेट चिपवर ओततात. मशीन चालू होतं, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, सॉफ्टवेअर उघडेना. कारण त्या चिपमध्ये त्या मशीनची ओळखही असते. गाडीला चेसिस नंबर असतो तसा नेटवर्कचा एक नंबर असतो. आण्णांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच नंबराला बांधलेलं होतं. म्हणूनच डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून काम भागणार नव्हतं.

म्हणून मी आधी चिप वाचून घेतली. परत वाचली आणि दोन्ही ताडून बघितल्या. सारख्या आल्या, म्हणजे क्लिप नीट बसलीय. प्रज्ञा हळूच जवळ आली होती. स्क्रीनवर तिला दाखवलं.

"हे बघ. इथपर्यंत नवं लिहिलंय. इथून पुढं सगळं कोरं."

"म्हणजे लिहिता लिहिता करंट गेला."

"बरोबर."

"सर, मी बंद केलं नव्हतं." एवढंच म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. तिनं चमकून बघितलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

चिपमधून वाचून घेतलेल्यात नंबरांचा भाग शाबूत होता. तो उचलून नव्या फाईलमध्ये जागच्या जागी बसवला. लिहायला लावलं. लिहून झाल्यावर तपासलं. क्लिप काढली, सेल बसवला, बटण दाबलं.

पंखा फिरला. थांबला. परत फिरला.

"तेच की हे," मिस्त्री म्हणाला.

"गप्प बसा जरा." पहिल्यांदा उठताना बोर्ड मेमरी तपासतो, एक-दोनदा स्वतःच बंद-चालू होतो. मला हे माहीत आहे. तरी अशा वेळी मी मनातल्या मनात आकडे मोजतो, आणि ते चेहऱ्यावर दिसू देत नाही.

मग स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं. मागोमाग विंडोज. प्रज्ञानं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं. लायसन्सबद्दल एक अक्षर न विचारता पंपाच्या बॉडीचं डिझाइन समोर उभं राहिलं.

आण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं पावणं!"

"आण्णा, एक विचारायचं होतं. मेन पाडल्यावर यूपीएस ओरडला असेल ना?"

"ओरडला म्हंजे? टीं टीं टीं टीं! हिकडं मी आरती म्हणतोय आणि त्यो बोंबलतोय."

"मग गप्प कुणी केला?"

"मीच केला की! बटन दाबलं, झाला गप."

मिस्त्री छताकडे बघायला लागला. आण्णा मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते, काय झालं म्हणून.

"आण्णा, तुम्ही आवाज बंद केला नाही. यूपीएस बंद केला. त्याच्यावरच कॉम्प्युटर चालू होता, अपडेट अर्ध्यात होता. बटणावर तुमच्या अंगठ्याचं कुंकू आहे. वाकून बघा."

आण्णा खरंच गुडघ्यावर बसले. टेबलाखाली बघितलं. मग आपला अंगठा बघितला. उठले ते प्रज्ञावर ओरडतच.

"मग तोंड शिवलंतं व्हय तुझं? सांगायचं न्हाय मला, चालू हाय म्हणून?"

"सांगितलं होतं, आण्णा. आरतीच्या वेळी जवळ येऊन सांगितलं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. तुम्ही हात दाखवला."

"त्यो गप बस म्हणून दाखवला!"

"मला वाटलं, कळलं म्हणून दाखवला. मग मी प्रसादाचं ताट आणायला गेले."

आण्णांचा आवाज एकदम खाली आला. "आणि मगापासनं एवढं बोललो, तवा का न्हाय बोललीस?"

"सगळ्यांपुढं तुमचं नाव कसं घेऊ?"

आण्णांनी डोळ्यांवरून हात फिरवला. मग मिस्त्रींकडे वळले आणि उचगावच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलं का सगळ्यांनी? मशीन मी मारलंतं. पोरीनं न्हाय. मगाशी जो बोलला, त्यानं तिच्यापुढं येऊन बोलावं."

मिस्त्रीनं प्रसाद वाटायला घेतला आणि नारळाचा पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

प्रज्ञा आजही तिथंच आहे. खंडेनवमीला आण्णा मेन स्विचशी जाऊन उभे राहतात आणि पूर्ण शॉपला ऐकू जाईल असं विचारतात, "प्रज्ञा, बंद करू का?" ती "करा" म्हणेपर्यंत आरती थांबते.

बायोस अपडेट करणाऱ्यांना मी एकच सांगतो. यूपीएस लावा, फाईल बरोबर आहे का बघा, हे सगळं खरं. पण स्विचजवळ ज्याचा हात आहे त्याला आधी सांगा, आणि तो तोंडानं "हो" म्हणेपर्यंत अपडेट सुरू करू नका.